जुन्या हौदाचें विरजण नव्या हौदास

(शोभिवंत माशांच्या हौदाची गाळणी मुरविण्याची रीति)

आमच्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि मासा हा येथील शेतकऱ्यास परका नाहीं. कोहळी समाजानें शेंकडों वर्षांपूर्वीं बांधलेले तलाव, जे पुढें मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले, त्यांच्या पाण्यावर होणारें धान, आणि त्याच पाण्यांत ढिवर बंधूंची मासेमारी, हा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु अलीकडे माशांचा एक निराळाच जोडधंदा खेड्यांत येऊं लागला आहे. परसांत सिमेंटचे हौद किंवा कांचेच्या टाक्या मांडून त्यांत गप्पी, मॉली, सोनमासा असे शोभिवंत मासे वाढवावयाचे व शहरांतील दुकानदारांस विकावयाचे, असें त्याचें स्वरूप आहे. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत अशा परसांतील संगोपनास अर्थसाहाय्याची तरतूद झाली. सर्वसाधारण वर्गास खर्चाच्या ४० टक्के, आणि अनुसूचित जाति-जमाति व महिला यांस ६० टक्के असें तिचें प्रमाण ठरविण्यांत आलें. वरठी येथें भंडारा रोड हें रेल्वेचें स्थानक आहे व नागपूरची बाजारपेठ सुमारें ६० किलोमीटरांवर आहे. तेव्हां आमच्या भागांतील होतकरू तरुणांचें व गृहिणींचें लक्ष या धंद्याकडे जावें यांत नवल नाहीं.

मात्र या धंद्यांतील मोठें नुकसान बहुधा पहिल्याच महिन्यांत होतें, आणि तें ज्यास सोसवत नाहीं तो धंदाच सोडून देतो. हौद नवा, धुऊन लख्ख केलेला. पाणी विहिरीचें, निर्मळ. मासे ताजे आणलेले, चपळ. चार-सहा दिवस सर्व ठीक चालतें. मग मासे पाण्याच्या वरच्या थरास येऊन तोंडें उघडूं लागतात, कल्ले सुजल्यासारखे लाल दिसतात, दाणा खाणें बंद होतें, आणि पंधरा दिवसांत निम्मा हौद रिकामा होतो. धनी म्हणतो, दुकानदारानें रोगट माल दिला. शेजारी म्हणतात, दृष्ट लागली. आणि कोणी शहाणा सर्व पाणी उपसून हौद व गाळणी पुन्हां घासून काढण्याचा सल्ला देतो, जो सर्वांत घातक होय. हौद घाणेरडा होता हें या मरीचें कारण नव्हे. तो कोरा होता, हें कारण होय. जी वस्तु नव्या हौदांत नसते ती जुन्या, चालत्या हौदांतून कशी आणावी, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

मासे कां मरतात?

मासा जो दाणा खातो त्यांतील नत्राचा मोठा भाग त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत उतरतो. उरलेलें अन्न व विष्ठा कुजून त्यांत भर पडते. शेंकडा ३५ प्रथिनें असलेलें १०० ग्रॅम खाद्य घातलें असतां सुमारें ३ ग्रॅम अमोनियारूप नत्र पाण्यांत येतें, असा हिशेब मत्स्यशास्त्रांत धरतात. तलावांत एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. तेथें पाणी अफाट, मासे विरळ, आणि तळाचा चिखल, शेवाळ व पाणवनस्पति मिळून तें नत्र पचवितात. हौदांत पाणी थोडें, मासे दाट, आणि पचविणारें कोणीच नाहीं.

अमोनिया पाण्यांत दोन रूपांनीं असतो. एक विषारी, दुसरें बरेंच निरुपद्रवी. विषारी भाग किती, हें मुख्यतः पाण्याच्या आम्ल-अल्क मानावर, ज्यास तपासणी संचांत पीएच म्हणतात, अवलंबून असतें. २५ अंश उष्णतेच्या पाण्यांत पीएच ७ असतां शंभरांत अर्ध्या भागाहून किंचित् अधिक, ८ असतां सुमारें ५ भाग, आणि ९ असतां सुमारें ३६ भाग विषारी असतो. म्हणून जेवढा अमोनिया एका गांवच्या पाण्यांत मासे सहन करतात तेवढ्यानेंच दुसऱ्या गांवच्या पाण्यांत ते मरतात. विहिरीच्या जड व अल्कधर्मी पाण्यांत ही काळजी अधिक घ्यावी लागते.

मुरलेल्या हौदांत हें विष दोन पायऱ्यांनीं निघून जातें. कांहीं सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, व दुसरे नायट्राइटाचें नायट्रेट करतात. यांपैकीं नायट्राइटही वाईटच. तें रक्तांत शिरलें कीं रक्त तपकिरी होतें, त्याची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति जाते, आणि मासा भरल्या पाण्यांत गुदमरतो. शेवटचें नायट्रेट मात्र पुष्कळच सौम्य असतें. दर आठवड्यास थोडें पाणी बदललें म्हणजे तें आटोक्यांत राहतें, आणि मीठ न घातलेल्या हौदांतून काढलेलें असें पाणी परसांतील भाजीस खताप्रमाणें उपयोगी पडतें.

अडचण ही कीं, हे जंतु फार सावकाश वाढतात. कुजविणाऱ्या साध्या जंतूंपैकीं कांहीं अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांस मात्र दुप्पट होण्यास अर्धा दिवस, एक दिवस, कधीं त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणून कोरा हौद आपोआप मुरण्यास बहुधा चार ते सहा आठवडे जातात. अनभिज्ञ मनुष्य याच आठवड्यांत हौद माशांनीं भरतो.

हा शोध कसा लागला?

गोठ्याच्या जुन्या भिंतींस लोणा लागतो, हें शेतकऱ्यास नवें नाहीं. जनावरांच्या मूत्रांतील नत्राचा सोरा होतो, हें लोकांस पुरातन काळापासून ठाऊक होतें. तो कोण करतो, हें मात्र ठाऊक नव्हतें. १८७७ सालीं फ्रान्स देशांत श्लोझिंग व म्युंट्झ या दोघांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून सांडपाणी हळूहळू झिरपविलें. सुमारें वीस दिवस कांहींच झालें नाहीं. नंतर अमोनिया नाहींसा होऊन नायट्रेट उतरूं लागलें. त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हां हें कार्य थांबलें. अर्थात् तें कार्य वाळूचें नव्हतें, सजीवांचें होतें. पुढें वाफ काढून टाकून त्यांनीं त्याच नळींत बागेंतील मातीचें थोडें धुवण घातलें, आणि नायट्रेट पुन्हां उतरूं लागलें. जुन्याचें बीज नव्यांत घालण्याची आमची रीति ती हीच. नळीच्या जागीं हौद आला एवढाच फरक.

१८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें हे जंतु वेगळे काढून दाखविले. १९९८ सालीं असें दिसून आलें कीं, गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत नायट्राइट पचविणारे जंतु पुस्तकांत सांगितलेल्या नायट्रोबॅक्टर जातीचे नसून नायट्रोस्पिरा जातीचे असतात. २०१५ सालीं तर दोन्ही पायऱ्या एकट्यानेंच चढणारा नायट्रोस्पिरा सांपडला, आणि ज्या ठिकाणीं तो आढळला त्यांपैकीं एक ठिकाण माशांच्या हौदाची गाळणी हें होतें. यावरून व्यवहारांत घ्यावयाचा बोध असा कीं, बाटलींतून कोणता जंतु आला याची खात्री करणें कठीण असतें. पण जो हौद वर्षभर निरोगी चालला आहे त्यांत योग्य जंतु आहेत याची साक्ष तेथील मासेच देतात.

विरजण असतें कोठें?

येथें बहुतेकांची समजूत चुकते. जुन्या हौदाचें चार बादल्या पाणी नव्यांत ओतलें म्हणजे विरजण लागलें, असें समजतात. हे जंतु पाण्यांत मोकळे थोडेच फिरतात. ते पृष्ठभागास चिकटून, बुळबुळीत थर करून राहतात. गाळणींतील स्पंज, खापरीचे तुकडे, खडी, हौदाच्या भिंती, हें त्यांचें गांव. त्यांतही गाळणी हें मुख्य ठाणें, कारण तेथून पाणी एकसारखें वाहतें व अमोनिया आणि प्राणवायु दोन्ही त्यांस बसल्या जागीं मिळतात. दही नासलेल्या भांड्याच्या पाण्यानें लागत नाहीं, कवडीनेंच लागतें; तसेंच येथें समजावें. नवें गोबरगॅस संयंत्र सुरू करतांना चालत्या संयंत्रांतील रबडी घालतात, जीवामृतांत बांधावरची मूठभर माती टाकतात. तत्त्व एकच आहे.

पहिली रीति: नवी गाळणी जुन्या हौदावर मुरविणें

ज्यास घाई नाहीं त्यास ही रीति उत्तम. धानाची रोवणी करावयाची तर आधीं एका कोपऱ्यांत पऱ्हे टाकावे लागतात. बांधी चिखलून तयार झाल्यावर पऱ्ह्यांची आठवण झाली तर हंगाम गेला. नव्या हौदाचेंही तसेंच आहे. हौद बांधावयास घेतला त्याच दिवशीं त्याची गाळणी विकत आणावी.

(१) हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी घ्यावी. ती स्वस्त असते, उचलण्यास सोपी असते, आणि लहान पिलें तींत ओढलीं जात नाहींत.

(२) नवा स्पंज साबण न लावतां साध्या पाण्यानें धुऊन जुन्या हौदांत जुन्या गाळणीच्या शेजारीं बसवावा व अहोरात्र चालू ठेवावा. जुनी गाळणी काढूं नये, बंद करूं नये.

(३) चार ते सहा आठवडे तसेंच चालूं द्यावें. स्पंज तपकिरी व बुळबुळीत होतो, तें चांगलें लक्षण होय. पण केवळ रंगावर विसंबूं नये, कारण नुसता गाळही तपकिरीच असतो.

(४) नवा हौद भरून तयार झाला म्हणजे गाळणी जुन्या हौदाच्याच पाण्यानें भरलेल्या बादलींत बुडवून न्यावी व ताबडतोब चालू करावी. ती वाळूं देऊं नये.

(५) त्याच दिवशीं मासे सोडावे. जंतूंस उपाशी ठेवून हौद शोभेसाठीं रिकामा चालविण्यांत अर्थ नाहीं.

या रीतीनें वाट पाहणें टळत नाहीं, परंतु तें माशांच्या जिवावर होत नाहीं, हा तिचा मोठा लाभ आहे.

दुसरी रीति: जुनी भर वांटून देणें

ज्यास आठवडाभरांत हौद चालू करणें भाग आहे त्यानें जुन्या गाळणींतील स्पंजाचा तुकडा अथवा खापरी काढून नव्या गाळणींत, पाणी जेथून प्रथम जातें तेथें, घालावी. एका वेळीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक भर काढूं नये. काढलेल्या जागीं नवी भर घालावी, आणि जुन्या हौदाचा दाणा चार-सहा दिवस निम्मा करावा. केवळ स्पंज पिळून निघालेला गाळ नव्या गाळणीवर ओतल्यानेंही कांहीं उपयोग होतो, पण तो दुय्यम समजावा.

वांटणीचा हिशेब

महसूल खात्यांत वर्षानुवर्षें खातेफोडीचीं प्रकरणें लिहितांना आम्हीं एक गोष्ट पक्की शिकलों: चार एकरांचे दोन तुकडे केले तर खातीं दोन होतात, एकर आठ होत नाहींत. गाळणीचेंही तेंच. जुन्या हौदांत दुसरी गाळणी बसविली म्हणून जंतु दुप्पट होत नाहींत. जंतु किती, हें तेथें रोज किती दाणा पडतो यावरून ठरतें. गाळण्या किती यावरून नव्हे. दोन गाळण्या झाल्या कीं तेच जंतु दोहोंत वांटले जातात.

यावरून हिशेब सोपा होतो. समजा, जुन्या हौदास रोज ३० ग्रॅम दाणा लागतो व त्याच्या भरीचा तिसरा हिस्सा आपण नेला. तर नवा हौद पहिल्या दिवशीं फार तर १० ग्रॅम दाण्याचा भार सोसेल. नेतांना कांहीं जंतु मरतात, म्हणून पांच-सहा ग्रॅमांवर आरंभ करावा हें शहाणपणाचें. तेवढ्यानें अमोनिया चढत नाहीं असें दिसलें म्हणजे दर आठवड्यास थोडे मासे व थोडा दाणा वाढवावा. विरजण लावल्यावर दही घट्ट होण्यास अवकाश द्यावा लागतो, तो येथेंही द्यावा.

कसोटी

हौद मुरला कीं नाहीं, हें डोळ्यांनीं कळत नाहीं. अमोनिया, नायट्राइट व पीएच यांचा तपासणी संच विकत घ्यावा. त्याचा खर्च एका मेलेल्या खेपेच्या मानानें कांहींच नाहीं. मासे सोडण्यापूर्वींच परीक्षा घ्यावयाची असेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, १०० लिटर पाण्यास पाऊण ग्रॅम घालावा. यानें लिटरास सुमारें २ मिलिग्रॅम अमोनियारूप नत्र होतें. चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलीं, तर गाळणी मुरली. मग पाणी बदलून मासे सोडावे. कल्हईवाल्याचा नवसागर शुद्ध असेलच असें नाहीं, सबब तो घालूं नये. शेतांतील युरिया तर मुळींच घालूं नये.

मासे सोडल्यावर पहिले पंधरा दिवस रोज तपासणी करून वहींत तारीख, अमोनिया, नायट्राइट, पीएच, दाण्याचें वजन व मेलेले मासे अशीं सदरें पाडून नोंद ठेवावी. ज्याची नोंद नाहीं तें कचेरीच्या लेखीं घडलेंच नाहीं. हौदाच्या बाबतींतही तोंडी आठवणीवर भिस्त ठेवूं नये. आंकडा चढलेला दिसतांच दाणा बंद करावा व पाव ते निम्में पाणी बदलावें. नायट्राइट चढलें असेल तर लिटरास एक ग्रॅम साधें मीठ घालावें. मिठांतील क्लोराइड नायट्राइटास कल्ल्यांतून आंत शिरूं देत नाहीं.

पथ्यें

रोगाविषयीं पहिलें पथ्य. विरजणाबरोबर रोगही येतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ओल्या स्पंजांतून सहज जातो. ज्या हौदांत महिन्याभरांत रोग झाला, औषध घातलें किंवा बाहेरचा मासा सोडला, तेथून भर घेऊं नये. दुकानांतील हौदांत रोज नवे मासे येतात, म्हणून तेथील भर फुकट मिळाली तरी न घेणें बरें.

पाण्याविषयीं. नळाच्या पाण्यांत ब्लीचिंग पावडरीचा क्लोरीन असतो. तो पाण्यांतील जंतु मारण्यासाठींच घातलेला असतो व आपल्या उपकारी जंतूंसही मारतो. असें पाणी उघड्या भांड्यांत निदान एक दिवस ठेवून, किंवा सोडियम थायोसल्फेट घालून, मगच वापरावें. गाळणी तुंबली तर ती हौदांतून काढलेल्या पाण्यांतच हलक्या हातानें पिळावी. नळाखालीं कधींही धरूं नये.

हवेविषयीं. एक ग्रॅम अमोनियारूप नत्र पचविण्यास या जंतूंस सुमारें साडेचार ग्रॅम प्राणवायु लागतो. २० अंशांच्या पाण्यांत लिटरास सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांच्या पाण्यांत साडेसातच. आमच्या विदर्भाच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळिसाच्या घरांत जातो, आणि वीज जाण्याचा प्रसंगही तेव्हांच अधिक येतो. हौदावर सावली करावी, आणि विजेवांचून चालणारा, बॅटरीचा लहान पंप जवळ ठेवावा. बंद पेटींतील गाळणी कांहीं तास थांबली तर तिच्यांतील पाणी आधीं फेकून, ती धुऊन, मगच पुन्हां जोडावी. उलट थंडींत जंतु मंदावतात. तेव्हां नवा हौद सुरू करणें शक्य तों टाळावें.

अल्कतेविषयीं. हे जंतु आपलें काम करतांना पाणी आंबट करीत जातात; एक ग्रॅम नत्रास सुमारें सात ग्रॅम चुनखडीइतकी अल्कता खर्ची पडते. पीएच साडेसहाच्या खालीं गेला तर त्यांचें काम मंदावतें. गाळणींत चुनखडीचे चार खडे ठेवावे, व नियमानें थोडें थोडें पाणी बदलीत जावें.

तलावाचा दाखला, आणि एक इशारा

हें तत्त्व हौदापुरतेंच नाहीं. भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत जे तलाव बेशरमाच्या झुडपांनीं व्यापून निकामी झाले होते, त्यांत भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजाच्या संस्था यांनीं बेशरम काढून, चांगल्या तलावांतील पाणवनस्पति आणून लावल्या. पाणी तेंच, बांध तोच. पण जिवंत तलावाचें बीज आल्यावांचून मेला तलाव पुन्हां उभा राहत नाहीं, हें त्या लोकांनीं ओळखलें.

तथापि कोणीं असा समज करून घेऊं नये कीं, गांवतलावांतील गाळ आणून परसांतील हौदांत टाकावा. त्या गाळाबरोबर जळवा, माशांच्या उवा, चतुरांच्या अळ्या व नाना रोग येतात. तलावांत यांस आळा घालणारे शत्रु असतात. हौदांत कोणी नसतें. तलावाचें बीज तलावास व हौदाचें बीज हौदास, ही मर्यादा पाळावी.

उपसंहार

ज्याच्या घरीं एकही मुरलेला हौद नाहीं त्यानें काय करावें? त्यानें प्रथम एक लहान कांचेची टाकी मांडावी, थोडे काटक मासे सोडून ती धीरानें मुरवावी, आणि तींत एकाऐवजीं दोन स्पंज नेहमीं चालू ठेवावे. ती टाकी विक्रीसाठीं नव्हे, बियाण्यासाठीं. घरच्या बियाण्याची एक कणगी जसा जाणता शेतकरी अडचणीच्या वर्षींही मोडीत नाहीं, तशी ही टाकी मोडूं नये. पुढें गांवांत दुसऱ्यानें हौद मांडला, तर निरोगी हौदाचा एक मुरलेला स्पंज त्यास द्यावा. दह्याची कवडी शेजाऱ्यास नाकारण्याची चाल आमच्याकडे नाहीं. ही कवडी दिल्यानें घरचें कायमचें कांहीं उणें होत नाहीं, आणि घेणाऱ्याचे पहिल्या महिन्याचे मासे वांचतात.